फ्रेंच हॉर्नचा स्वर

फ्रेंच हॉर्नचा कर्णा वादकाच्या मागच्या बाजूला उघडतो. श्रोत्यांपर्यंत पोहोचणारा बराचसा स्वर मागच्या भिंतीवरून परतून आलेला असतो. त्याची गोलाई, दुरून आल्याचा भास काही अंशी त्यामुळेच. मागे जाड पडदा असला, की हा स्वर दबतो. अशा वेळी जोरात फुंकण्यापेक्षा बसायची जागा बदललेली बरी.

एफ हॉर्नची नळी उलगडली तर सुमारे ३.७ मीटर भरते. इतक्या लांब नळीत वरच्या सप्तकातले नैसर्गिक स्वर एकमेकांना अगदी खेटून असतात. ओठांचा ताण किंचित चुकला, की शेजारचाच स्वर लागतो. म्हणून वादकाने स्वर आधी मनात ऐकायचा, मग फुंकायचा. भरदारपणा येतो तो खोल, सलग श्वासातून. माउथपीस ओठांवर दाबून उंच स्वर काढण्याची सवय सर्वांत घातक: ओठ लवकर थकतात, आवाज चिरका होतो.

उजवा हात कर्ण्याच्या आत असतो. तळव्याच्या वाकणुकीने स्वर मऊ होतो, सूरही जुळवता येतो. अठराव्या शतकात, वाद्याला झडपा नसताना, ड्रेस्डेनचे हॉर्नवादक हाम्पेल यांनी याच हाताने नैसर्गिक स्वरांच्या मधले स्वर काढण्याची पद्धत रुळवली. कर्णा पूर्ण बंद केला, तर आवाज धातूसारखा झणझणतो.

हॉर्नवादक डेनिस ब्रेन यांच्यासाठी संगीतकार ब्रिटन यांनी १९४३ मध्ये रचलेल्या ‘सेरेनेड’च्या आरंभी आणि शेवटी हॉर्न एकटाच, केवळ नैसर्गिक स्वरांवर वाजतो. हॉर्नचा स्वर ओळखायचा असेल, तर वाचकांनी तो भाग जरूर ऐकावा.