फ्रान्समधील विद्यापीठीय शिक्षण : आम्हा तिघांचा अनुभव

परदेशातील शिक्षणाविषयी काही लिहावे, असे स्मरणिकेच्या संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा आम्ही तिघांनी एकत्र बसून हा लेख लिहायचे ठरविले. आम्ही तिघेही याच शाळेच्या वसतिगृहात वाढलो, वेगवेगळ्या वर्षी येथून बाहेर पडलो आणि निरनिराळ्या वाटांनी स्ट्रासबर्गच्या विद्यापीठात पोहोचलो. हे शहर फ्रान्सच्या पूर्व टोकाला आहे. ऱ्हाईन नदी ओलांडली की जर्मनी. आमच्यापैकी दोघांनी समाजशास्त्र घेतले, एकीने रसायनशास्त्र.

परदेशी शिक्षण म्हटले की आपल्या घरांत 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या बाबासाहेबांचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते, आणि त्यापाठोपाठ लंडन. फ्रान्सचे नाव सहसा निघत नाही. निघालेच तर पालकांचे प्रश्न दोन : खर्च किती, आणि तिकडे इंग्रजी चालते का?

खर्चाचे आधी सांगतो. फ्रान्समधील सरकारी विद्यापीठांत शुल्क शासन ठरविते. 2019 पर्यंत परदेशी विद्यार्थ्यालाही फ्रेंच विद्यार्थ्याइतकेच, म्हणजे पदव्युत्तर वर्गासाठी वर्षाला सुमारे अडीचशे युरो भरावे लागत. त्या वर्षापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी पदवीला 2,770 आणि पदव्युत्तर वर्गाला 3,770 युरो असा वेगळा दर लागू झाला व पुढे तो थोडा वाढत गेला. अनेक विद्यापीठांनी या वाढीतून पूर्ण वा अंशतः सूट दिली. म्हणून ज्या विद्यापीठात जायचे त्याच्याकडेच त्या वर्षीचा दर विचारावा. इंग्लंड-अमेरिकेच्या मानाने हे शुल्क फारच कमी आहे. खरा भार राहण्या-जेवण्याचा. व्हिसासाठी महिना किमान 615 युरोंची सोय दाखवावी लागते, आणि प्रत्यक्षात तेवढ्यात भागविणे ओढाताणीचे होते. विद्यार्थ्याला वर्षाला 964 तास काम करण्याची मुभा आहे. पण पहिल्या सहामाहीत कामाच्या मागे लागू नये, असे आमचे तिघांचेही मत आहे.

शिष्यवृत्तीच्या बाबतीत एक अडचण सांगणे भाग आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे आणि तिच्यामुळे आपली कितीतरी मुले बाहेर शिकली. परंतु ती जागतिक क्रमवारीतील स्थान पाहून दिली जाते. फ्रान्समध्ये उच्च शिक्षण व संशोधन हे विद्यापीठे, 'ग्रांद एकोल' नावाच्या स्पर्धा-परीक्षेतून प्रवेश देणाऱ्या संस्था आणि सीएनआरएससारखी राष्ट्रीय संशोधन संस्था यांत विभागलेले आहे. त्यामुळे चांगली सरकारी विद्यापीठेही क्रमवारीत खाली दिसतात. ज्या स्ट्रासबर्गमध्ये रसायनशास्त्राची नोबेल पारितोषिके आली, 1987 साली झाँ-मारी लेन यांना व 2016 साली झाँ-पियेर सोव्हाज यांना, तेही या चाळणीत अडकते. आम्हांला ही गोष्ट अर्ज भरून झाल्यावर कळली. फ्रान्स सरकारची 'एफेल' शिष्यवृत्ती आहे, पण तिचा अर्ज विद्यार्थी स्वतः करू शकत नाही, विद्यापीठाने नाव पाठवावे लागते. भारतीयांसाठी 'शार्पाक' शिष्यवृत्ती आहे. आमच्यापैकी एकीला ती मिळाली. दोघे बँकेचे कर्ज काढून गेले आणि अजून फेडीत आहेत.

अर्ज 'काँपूस फ्रान्स' या सरकारी संस्थेमार्फत जातो. तेथे मुलाखत होते आणि हाच अभ्यासक्रम का, हेच शहर का, पुढे काय करणार, असे विचारतात. पाठ केलेले उत्तर तेथे लगेच ओळखू येते. खरी कागदांची परीक्षा पोहोचल्यावर सुरू झाली. बँकेत खाते उघडायला पत्ता लागतो, आणि घर भाड्याने घ्यायला बँक खाते. शिवाय घरमालक जामीनदार मागतो, आणि तोही फ्रान्समध्ये कमावणारा. शेतमजुरी करणाऱ्या आईवडिलांचे नाव तेथे उपयोगाचे नव्हते. 'व्हिझाल' नावाची शासनमान्य विनामूल्य हमी असते व ती विद्यार्थ्याचा जामीन राहते, हे कळेपर्यंत आमच्यातला जो पहिल्याने गेला तो एका सेनेगाली विद्यार्थ्याच्या खोलीत जमिनीवर झोपत होता. पुढच्या दोघांची व्यवस्था त्याने आधीच करून ठेवली होती. खोलीभाड्याला शासकीय साहाय्यही आमच्या वेळी मिळत असे. तिचे नियम बदलत असतात, ते जाण्यापूर्वी तपासावेत. व्हिसा मात्र पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत संगणकावरून नोंदवावाच लागतो. हे विसरलेल्याची फार धावपळ होते.

आता भाषा. रसायनशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम इंग्रजीत होता. समाजशास्त्राचा फ्रेंचमध्ये, आणि त्यासाठी 'बी-2' पातळीचे प्रमाणपत्र लागले. ते आम्ही पुण्यात दीड वर्ष शिकून मिळविले होते. पहिल्या व्याख्यानात मात्र त्यातले निम्मेही कानात शिरले नाही. तरी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. फ्रेंचमधील ज्या गोष्टींनी इंग्रजी विद्यार्थी हैराण होतो, त्या मराठी माणसाला परक्या नाहीत. निर्जीव वस्तूला लिंग असते, यात आपल्याला नवल ते काय? 'त्यु' आणि 'व्हू' यांतला भेद तू आणि तुम्ही यांतलाच. आणि ऐंशीला फ्रेंच लोक 'चार विसा' म्हणतात, हे कळल्यावर आमच्यातल्या एकाला आठवडी बाजारात पेंढ्या विसावर मोजणारी आपली आजी आठवली. सत्त्याण्णवला मात्र 'चार विसा दहा सात' म्हणतात. तेथे आजीनेही हात टेकले असते. कोणत्याही खिडकीवर काम सांगण्याआधी 'बोंझूर' म्हणावेच लागते. ते न म्हणता थेट प्रश्न विचारला तर कारकून दुखावतो आणि काम अडते. आम्ही त्याला बरेच दिवस गोरेपणाचा ताठा समजत होतो. पण तो फ्रेंच माणसांशीही तसाच वागतो.

येथून पुढचा भाग आम्ही विशेषकरून अकरावी-बारावीच्या मुलांसाठी लिहीत आहोत.

तेथे शिकविण्याचे दोन प्रकार असतात. मोठ्या सभागृहातील व्याख्यान, ज्यात प्राध्यापक दोन तास बोलतात आणि कोणी आले-गेले ते सहसा पाहत नाहीत. आणि वीस-तीस जणांचा छोटा वर्ग, ज्याला 'तेदे' म्हणतात, तेथे हजेरी असते आणि बोलावे लागते. गुण वीसपैकी. दहा म्हणजे उत्तीर्ण, बारा बरे, चौदा चांगले, सोळा उत्तम. वीस कोणाला मिळाल्याचे आम्ही पाहिले नाही. शाळेत पंच्याऐंशी टक्के घेणाऱ्याला साडेअकरावर समाधान मानायला शिकावे लागते. पण आमचा पहिला निकाल साडेअकराही नव्हता. तो सात होता.

समाजशास्त्राच्या त्या परीक्षेत चार तास होते आणि प्रश्न एका ओळीचा. आमच्यातल्या एकाने अकरा पाने लिहिली. वाचलेले सारे लिहिले, व्याख्या दिल्या, नावे दिली. समासात प्राध्यापिकांनी लिहिले होते की माहिती पुष्कळ आहे, पण तुमचा प्रश्न कोठे आहे? त्याला तो शेरा अन्यायाचा वाटला. प्रश्न तर त्यांनीच दिला होता!

फ्रेंच निबंधपद्धती समजून घेतल्याशिवाय हे कळत नाही. दिलेला विषय हा त्यांच्या लेखी प्रश्न नसतोच. त्या विषयातले शब्द तपासायचे, त्यांत कोठे विसंगती आहे ते शोधायचे आणि त्यातून स्वतःचा प्रश्न मांडायचा. त्याला 'प्रोब्लेमातिक' म्हणतात. मग दोन किंवा तीन भागांत त्याचे उत्तर बांधायचे, आणि भाग असे की पहिल्यातून दुसरा निघाला पाहिजे. फ्रेंच मुले हे शालेय वयापासून गिरवितात. तेथील शालान्त परीक्षेत तत्त्वज्ञानाचा चार तासांचा सक्तीचा पेपर असतो. त्यामुळे विद्यापीठात ही पद्धत कोणी समजावून सांगत बसत नाही. ती येते, असे गृहीत धरतात. आपल्या शाळेने आम्हांला पुष्कळ दिले, तरी उत्तर अचूक लिहिणे म्हणजे विद्या ही समजूतही येथूनच आम्ही सोबत नेली होती.

दुसऱ्या सहामाहीत त्याच विद्यार्थ्यावर लुई द्युमों यांच्या ग्रंथावर बोलण्याची पाळी आली. 1966 सालचे 'होमो हायरार्किकस' हे त्यांचे पुस्तक जातिव्यवस्थेवर आहे आणि फ्रान्समध्ये जात बहुधा त्यातूनच शिकविली जाते. शुद्ध आणि अशुद्ध यांच्या विरोधावर उभी असलेली श्रेणी, जिच्यात प्रतिष्ठा सत्तेहून वेगळी व वरची, असे साधारण त्याचे सूत्र. वर्गातला एकमेव भारतीय म्हणून सगळे त्याच्याकडे पाहत होते. तो वीस मिनिटे बोलला, संतापून बोलला, गावातल्या पाणवठ्याविषयी बोलला. वर्ग स्तब्ध झाला. गुण मिळाले आठ. प्राध्यापिकांनी नंतर बोलावून सांगितले की तुम्ही जे सांगितले ते खरे आहे, पण द्युमोंचे विधान त्याने कोठे मोडते ते तुम्ही दाखविले नाही.

त्या रात्री त्याने बाबासाहेबांचा 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध पुन्हा काढला. 9 मे 1916 रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, कोलंबियातील एका परिसंवादवर्गात त्यांनी तो वाचला होता. आपण तो अनेकदा वाचलेला असतो. पण तो कसा बांधला आहे, हे पाहिलेले नसते. बाबासाहेब प्रथम इतरांच्या व्याख्या घेतात. त्यांतला पहिला एक फ्रेंच पंडित, एमिल सेनार. मग नेसफील्ड, रिस्ले आणि आपले केतकर. प्रत्येकाचे काय पटते, काय अपुरे पडते, हे ते दाखवितात. मग विचारतात की या सगळ्या लक्षणांत जातीला जात करणारे लक्षण कोणते? आणि जातीअंतर्गत विवाहाचे बंधन हे उत्तर ते पायरीपायरीने सिद्ध करतात. प्राध्यापिका जे मागत होत्या ते हेच होते. द्युमोंच्या पन्नास वर्षे आधी लिहिलेल्या या निबंधाच्या आधारे त्याने आपला प्रश्न मांडला : विवाहाच्या बंधनातून जात समजून घेतली, तर शुद्धाशुद्धता हे तिचे कारण ठरते की परिणाम? त्यावर पुढे त्याचा प्रबंध झाला. तोंडी परीक्षेत तेरा गुण मिळाले. त्यांनी त्याच्याशी वादही घातला आणि काही मुद्द्यांवर तो निरुत्तर झाला.

रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीचा अनुभव निराळा. तिला गुणांची चिंता नव्हती, प्रयोगशाळेत हात चांगला चालत होता. तिला बोलायला माणूस नव्हते. दुपारी विद्यार्थी भोजनालयात 3.30 युरोंत पूर्ण जेवण मिळे, पण फ्रेंच मुले दीड तास जेवतात आणि वेगाने बोलतात. भारतीय मुलांच्या गटात ती गेली, तर पहिल्या आठवड्यातच कोणीतरी पूर्ण नाव विचारले, मग गाव, मग पुन्हा नाव. ऱ्हाईन ओलांडूनही हा प्रश्न सुटत नाही! तिने मग आपल्या वसतिगृहाची पाळीची पद्धत सुरू केली. शनिवारी ट्रामने जर्मनीतील केल गावी जाऊन स्वस्त तांदूळ-डाळ आणायची आणि मजल्यावरच्या सामायिक स्वयंपाकघरात पाळीने रांधायचे. मोरोक्को, व्हिएतनाम, ब्राझील येथील मुली त्यात आल्या, आणि नंतर ज्याने नाव विचारले होते तोही आला. भांडी घासण्याची पाळी त्यालाही लागू होती.

2018 च्या कराराने दोन्ही देश एकमेकांच्या पदव्यांना मान्यता देतात. 2030 पर्यंत तीस हजार भारतीय विद्यार्थी यावेत, असे फ्रान्सने जाहीर केले आहे. त्यांत आपल्या शाळेची मुले किती असतील, ते फ्रेंचचा अभ्यास दहावीनंतरच सुरू होतो की पदवीनंतर धावपळीत, यावर पुष्कळसे अवलंबून राहील. आमचे अर्ज, भाड्याचे करार, हमीपत्रांचे नमुने आणि तपासलेल्या उत्तरपत्रिकांच्या प्रती आम्ही शाळेच्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत. सात गुणांची ती अकरा पानी उत्तरपत्रिकाही, समासातल्या शेऱ्यासह, त्याच फाइलमध्ये आहे.