तीन पोथ्या, तीन पडदे
१८४० मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात हस्तलिखित पोथ्याही आहेत. अशा पोथ्यांचे पाठभेद ताडावयाचे तर तीन प्रतींची छायाचित्रे एकाच संगणकाच्या तीन पडद्यांवर शेजारी शेजारी असावीत. परंतु ग्राफिक्स कार्डास तीन खोबणी असल्या म्हणजे पडदेही तीन उजळतील, असे नव्हे. अडचण स्मृतीची नसते. १९२० × १०८० बिंदूंच्या चित्रास सुमारे ८.३ मेगाबाइट पुरतात. खरा अडसर कालस्पंदांचा. डीव्हीआय वा एचडीएमआय जोडणीच्या प्रत्येक पडद्यास सामान्यतः स्वतंत्र कालस्पंद लागतो, आणि एएमडीने २००९ मध्ये आणलेल्या बहुपडदा कार्डांत असे उगम दोनच होते. तिसरा पडदा डिस्प्लेपोर्टवरच घ्यावा लागे. तेथे साधा रूपांतरक लावल्यास पडदा काळाच राही. सक्रिय रूपांतरकच हवा. बाहेरून दोन्ही बहुधा सारखेच दिसतात.