गुडघ्याची गादी आणि एम.आर.आय.

बेळगावच्या तालमीतील मल्लाचा गुडघा पिळवटून अडकतो. निपाणीत विड्या वळणाऱ्या मावशींचा मांडी घालून बसताना ठणकतो. दोघांच्याही अहवालात ‘मेनिस्कस फाटला’ असेच येऊ शकते. अर्थ मात्र भिन्न. क्ष-किरणांत न दिसणारी ही अर्धचंद्राकृती गादी निरोगी असता एम.आर.आय.मध्ये काळी दिसते. सांध्याच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचणारी उजळ रेघ किमान दोन छेदांत दिसल्यास ती फाटल्याचे निदान पक्के होते. परंतु अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पन्नाशीपुढील ज्यांची गादी फाटलेली आढळली, त्यांपैकी ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघेदुखी नव्हतीच. म्हणून अडकलेला गुडघा शल्यविशारदांकडे त्वरित धाडावा. झिजेच्या दुखण्यास प्रथम व्यायाम द्यावा. आणि चित्र पाहण्यापूर्वी गुडघा स्वतः तपासावा.