सपाट तळवा हे निदान नव्हे

पाय दुखण्याच्या कारणांविषयी समाजात जे समज रूढ आहेत, त्यांत सर्वांत चिवट समज सपाट तळव्याचा आहे. ओले पाऊल फरशीवर उमटवायचे, ठशाच्या आतल्या बाजूला खाच दिसली नाही की पाय सपाट ठरवायचा आणि मग टाच, घोटा, गुडघा, कंबर यांपैकी जे दुखत असेल त्याचे खापर त्या ठशावर फोडायचे, ही रीत घरोघरी आणि बुटांच्या दुकानांतही चालते. दुकानातील दाबमापक पाटावर उमटणारे रंगीत चित्र अधिक शास्त्रीय भासते; परंतु ग्राहक त्यावर नुसता उभा असेल, तर तोही स्थिर पावलाचा ठसाच असतो, आणि पाय बहुधा दुखतो तो चालताना, धावताना किंवा जिना उतरताना.

मुळात तळव्याची कमान ही दगडी कमानीसारखी अचल रचना नाही. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळव्यातून एक चिवट पट्टा जातो, त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. पाऊल टेकले की कमान किंचित खचून भार पचवते, आणि टाच उचलली जाऊन अंगठा वर वळला की रहाटाला दोर गुंडाळला जावा तसा हा पट्टा अंगठ्याच्या सांध्याभोवती ताणला जातो व कमान पुन्हा उंचावते. हिक्स या संशोधकाने १९५४ मध्ये ही क्रिया स्पष्ट केली. उभ्या असलेल्या माणसाच्या पायाचा अंगठा हाताने वर उचलला, तर बहुतेक पावलांत ती डोळ्यांदेखत घडताना दिसते. चवड्यावर उभे राहताच ज्या सपाट पावलात कमान प्रकट होते ते लवचीक सपाट पाऊल होय, आणि ते दुखत नसेल तर तो आजार नव्हे. भरतीच्या धास्तीने हवालदिल होणाऱ्या तरुणांनी हेही जाणून घ्यावे की भारतीय सैन्यदलातील अधिकारी-भरतीच्या वैद्यकीय निकषांत अशी लवचीक, वेदनारहित आणि चवड्यावर नीट धावू शकणारी पावले ग्राह्य मानली आहेत.

ज्यांना हे पटत नाही त्यांच्यासाठी पुरावा उपलब्ध आहे. अमेरिकी पायदळाच्या २४६ प्रशिक्षणार्थींचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सर्वांत सपाट तळव्यांच्या गटाला दुखापती कमी आणि उंच कमानीच्या गटाला अधिक झाल्याचे आढळले. डेन्मार्कमध्ये ९२७ नवख्या धावपटूंचा वर्षभर मागोवा घेणाऱ्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही साध्या बुटांत धावणाऱ्यांची पावले आत झुकलेली असल्याने दुखापतीचा धोका वाढल्याचे दिसले नाही. राव आणि जोसेफ या भारतीय संशोधकांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या २,३०० मुलांच्या पाहणीत पादत्राणे वापरणाऱ्यांत सपाट पावलांचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी वावरणाऱ्यांत २.८ टक्के होते. इतके सारे बाजूला सारून चिमुरड्यांच्या निर्दोष पावलांखाली महागडे इनसोल सरकवले जातात आणि पालकांच्या मनात विनाकारण भीती भरली जाते, हे अक्षम्य आहे. कारण लहान वयात तळवा सपाट असणे स्वाभाविक असून कमान वाढीबरोबर आकार घेते.

मग दुखण्याचे कारण शोधायचे ते हालचालीतून. सकाळी अंथरुणातून उठून टाकलेल्या पहिल्या पावलांनाच टाच कळवळत असेल, तर जाणकार तपासनीस आधी अलीकडे चालणे किंवा उभे राहण्याचे काम एकाएकी वाढले का, हे विचारतो, आणि मग पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून रुग्णाला अनवाणी चालायला लावतो. चालण्याच्या प्रत्येक आवर्तनात पाऊल सुमारे ६० टक्के वेळ जमिनीवर असते. त्या काळात टाच लवकर उचलली जाते का, गुडघा आत वळतो का, हे मागून व बाजूने पाहिले जाते. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवण्यास सांगितले की पोटरीचा ताठरपणा उघड होतो. एका पायावर उभे राहिल्यावर कमरेची दुसरी बाजू खाली झुकली, तर खुब्याच्या स्नायूंचा अशक्तपणा संभवतो. ट्रेंडेलेनबर्ग यांनी हे लक्षण १८९५ मध्येच वर्णिले होते. मात्र सापडलेला प्रत्येक दोष हे दुखण्याचे कारण नसते, म्हणून तो बदलून वेदना बदलते का, हे पडताळणे हाच या तपासणीचा गाभा आहे. प्रौढपणी एकाच पायाची कमान नव्याने खचू लागली आणि त्या पायाच्या चवड्यावर उभे राहता येईनासे झाले, तर मात्र तो कमान पेलणाऱ्या स्नायुबंधाचा विकार असू शकतो आणि तेथे विलंब परवडत नाही.

उरलेले समज थोडक्यात. टाचेचे हाड वाढल्यामुळेच टाच दुखते, हे खरे नाही. असे वाढलेले टोक वेदना नसलेल्यांच्या एक्स-रेतही दिसते. दोन पायांच्या लांबीतील काही मिलिमीटरचा फरक बहुसंख्य लोकांत असतो व तो सहसा निरुपद्रवी असतो. गुडघा दुखतो म्हणजे दोष गुडघ्यातच, असेही नाही. लंगडणाऱ्या मुलाचा गुडघा दुखत असेल, तर खुबा तपासलाच पाहिजे. आणि पाय दुखत नाही म्हणजे तो ठणठणीत, हा समज मधुमेहींच्या बाबतीत सर्वांत घातक आहे, कारण संवेदना हरपलेले पाऊल खडा टोचला तरी चाल बदलत नाही आणि जखम चिघळेपर्यंत तसेच चालत राहते.