पुलाला कोणाचे नाव?

आमच्या गावच्या ओढ्यावर पूल झाला, तेव्हा वस्तीतल्या पोरांनी ग्रामसभेत अर्ज दिला. वस्तीतला जो जवान सीमेवर कामी आला, त्याचे नाव पुलाला द्यावे, एवढेच मागणे. विरोध कोणीच केला नाही, टाळ्यासुद्धा पडल्या. मग एक वयस्कर गृहस्थ उठले. म्हणाले, "जवान साऱ्या गावाचा. मग नाव-आडनाव कशाला? 'शहीद जवान पूल' एवढे पुरे." ठराव तसाच झाला. मी सभेत होतो आणि गप्प बसलो. नंतर त्याच्या आईने विचारले, "गुरुजी, माझ्या लेकाला नाव नव्हतं का?"

तेव्हापासून मला उत्तर प्रदेशातले गाझीपूर आठवत राहते. तिथे गंगेवरच्या पुलाला हमीद सेतू म्हणतात. अब्दुल हमीद याच जिल्ह्यातल्या धामूपूरचा, शिंपीकाम करणाऱ्या मुसलमान घरातला. चौथ्या ग्रेनेडियर्स पलटणीत तो हवालदार होता. १० सप्टेंबर १९६५ रोजी खेमकरण भागात, जीपवरच्या तोफेने शत्रूचे पॅटन रणगाडे फोडता फोडता तो मारला गेला. त्याला परमवीरचक्र मिळाले. २००० साली टपाल तिकीटही निघाले. पण तिकीट संग्रहात जाते. पुलाचे तसे नसते. दुरुस्तीसाठी जड वाहने बंद झाली, तरी बातमी 'हमीद सेतू'च्या नावानेच येते. त्या नावाविषयी ज्याच्या मनात अढी असेल, त्यालाही पलीकडे जाताना ते उच्चारावे लागते.

पाटीवरचे नाव मात्र नुसत्या रंगाच्या हाताने जाऊ शकते. फेब्रुवारी २०२५ मध्ये धामूपूरच्या शाळेला रंग दिला गेला, तेव्हा प्रवेशद्वारावरचे हमीदचे नाव गेले. कुटुंबीयांनी आवाज उठवला, मग ते पुन्हा लिहिले गेले. आवाज उठवणारे कोणी नसते तर?

आपल्याला हे नवीन नाही. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. त्यांतली बावीस नावे 'नाक' या प्रत्ययाची. त्या प्रत्ययामुळेच आपल्याला आपले पूर्वज ओळखता आले आणि १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे जाऊन उभे राहिले. स्तंभावर नुसते 'शूर शिपाई' असे कोरले असते, तर त्यांत महार किती होते हे दगडाने कधीच सांगितले नसते. आडनाव गाळा म्हणणारा गृहस्थ दुष्ट होता असे मी म्हणत नाही. पण गावाला त्याचे मरण हवे होते, त्याचे घर नको होते. गावातल्या चौकांना, वेशींना नावे देताना आडनावे गाळल्याचे मला तरी आठवत नाही!

कार्यकर्त्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. पूल ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकाम खात्याचा, हे आधी पाहावे. पूल वरच्या खात्याचा असेल, तर ग्रामसभेचा ठराव ही शिफारस ठरते आणि कागद वर जावा लागतो. वर जो शब्द जाईल, तोच पाटीवर येईल. म्हणून भांडायचे ते ठरावाच्या शब्दांवर, उद्घाटनाच्या दिवशी नव्हे. ठरावाची नक्कलही त्याच आठवड्यात मागून घ्यावी.

आमच्या पुलावर अजून पाटी लागलेली नाही. येत्या ग्रामसभेला पोरे पुन्हा अर्ज देणार आहेत. या वेळी तो मी लिहिला आहे: नाव, बापाचे नाव, आडनाव, पलटण, तारीख. खाली पहिला अंगठा त्याच्या आईचा आहे.