मांडवात येणारी फुलं, मांडवातून जाणारी फुलं

दिवाळी सरली की कार्तिक द्वादशीपासून तुळशीची लग्नं लागतात आणि पाठोपाठ घरोघरचे मुहूर्त सुरू होतात. तुळशीला उसाचा मांडव असतो, वृंदावनात चिंचा, आवळे, बोरं ठेवतात. सगळं त्या दिवसांत शिवारात तयार असलेलं आणि लग्न लागलं की खाऊन संपणारं. निसर्गाला न दुखावणारं लग्न करायचं तर हाच धडा पुरेसा आहे. सजावटीच्या प्रत्येक वस्तूबद्दल दोन प्रश्न विचारावेत: ही कुठून येणार आणि लग्नानंतर कुठे जाणार?

मुहूर्त ठरला की फुलं महिना पाहून निवडावीत. मार्गशीर्षात झेंडू, शेवंती, ॲस्टर भरपूर असतात; चैत्र-वैशाख मोगऱ्याचा. दादरच्या किंवा पुण्यात गुलटेकडीच्या फुलबाजारात पहाटे एक चक्कर मारली, तर त्या आठवड्यात काय मुबलक आहे ते दिसतं आणि भावही कळतो. सजावटीतली ऑर्किड पुष्कळदा थायलंडहून विमानाने आलेली असतात. जरबेरा किंवा डच गुलाब हवेच असतील, तर ते मावळातल्या पॉलिहाउसमध्ये पिकतात.

प्लास्टिकची फुलं परत वापरता येतात, असं सांगितलं जातं. पण तार, कापड आणि प्लास्टिक एकत्र चिकटवलेलं असल्याने रंग उडाल्यावर त्यांचं पुनर्चक्रीकरण होणं अवघड. शिवाय आपले पैसे झेंडू-शेवंती पिकवणाऱ्याच्या हाती पोचत नाहीत. राज्यातल्या फूलउत्पादक शेतकऱ्यांनी या फुलांवर बंदी मागितली, ते रास्तच आहे.

खरी फुलं आणूनही एक घोटाळा उरतो. फुलदाणीत दांडे खोचायला वापरतात तो हिरवा फोम फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून बनतो. तो कुजत नाही. त्याचा चुरा होऊन सूक्ष्म प्लास्टिक म्हणून माती-पाण्यात मिसळतो. त्याऐवजी पितळी घंगाळ, मातीची मडकी आणि आत दांडे धरून ठेवणारी तारेची जाळी वापरावी. थर्माकोलची कमान तर कायद्यातच बसत नाही. १ जुलै २०२२ पासून देशभर सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. निमंत्रणपत्रिकेवरच्या प्लास्टिकच्या वेष्टणालाही ती लागू आहे.

मग कमानीला काय? आंब्याचे टाळे आणि केळीचे खुंट. केळ एकदाच फळते. घड उतरवल्यावर खुंट तसाही कापावा लागतो. मांडवातून तो थेट गोठ्यात जाऊ शकतो, गुरं आवडीने खातात. मागच्या पडद्याला घरातल्या जुन्या इरकली, नऊवारी साड्या लावाव्यात. या दिवाळीच्या पणत्या धुऊन ठेवल्या, तर त्याच लग्नात उजळतील. वेण्या-गजरे गोव्या-कोकणात केळीच्या सोपाने गुंफतात. ते शक्य नसेल तिथे सुती दोरा चालेल, नायलॉन नको.

दोरा आणि तार यांचं महत्त्व लग्न उरकल्यावर कळतं. ती काढल्याशिवाय हारांचं खत होत नाही. नुसती फुलं ढिगात घातली तर सडून वास मारतात; सुका पालापाचोळा आणि थोडं शेण मिसळलं तर काही आठवड्यांत चांगलं खत होतं. झेंडूच्या पाकळ्या पाण्यात उकळून तुरटीने संस्कारलेलं रेशीम किंवा सूत त्यात बुडवलं, तर सुंदर पिवळा रंग चढतो. अक्षतांमध्ये तांदूळ चिमूटभर आणि बाकी पाकळ्या ठेवल्या, तर वाचलेलं धान्य कुणाच्या तरी ताटात जाईल.

हे सगळं डेकोरेशनवाल्याला विसार देतानाच कागदावर लिहून घ्यावं: फोम नाही, थर्माकोल नाही, नायलॉन नाही, आणि उतरवलेली फुलं वेगळ्या गोणीत. ती गोणी कोण, किती वाजता नेणार, हेही ठरलेलं हवं. कारण रात्री हॉल रिकामा करण्याच्या घाईत सारं एकाच कचऱ्याच्या गाडीत जातं आणि महिनाभराची काळजी तासाभरात वाया जाते. वरातीची जबाबदारी जशी घरातल्या एखाद्यावर सोपवतो, तशी फुलांच्या पाठवणीचीही एकावर सोपवावी.