पक दिसत नाही तेव्हा काय बघावं

कॅरमची सोंगटी डोळ्यांसमोर आणा. आता ती वाढवत न्या: तीन इंच व्यास, एक इंच जाडी, लाकडाऐवजी कडक काळं रबर, वजन साधारण 170 ग्रॅम. ही झाली आइस हॉकीची पक. सामन्याआधी ती गोठवून ठेवतात. रबर कोमट असलं की बर्फावर टप्पे घेतं, उसळतं. गारठलं की पावडर टाकलेल्या बोर्डावरच्या सोंगटीसारखं सुळकन सरळ जातं.

आणि इतकं सरळ, इतक्या वेगाने जातं की ते दिसतच नाही. अमेरिकेतली कॉलेज हॉकीची राष्ट्रीय स्पर्धा मी पहिल्यांदा बघायला बसले तेव्हा जाळीमागचा लाल दिवा लागला, स्टेडियम उठून नाचायला लागलं, आणि गोल कुठून आला ते मला रिप्लेत कळलं. नव्या प्रेक्षकाची पहिली तक्रार हीच असते. या तक्रारीचं उत्तर शोधता शोधताच मला हा खेळ कळायला लागला.

आधी स्पर्धेविषयी थोडं. आपल्याकडे हॉकी म्हटलं की ध्यानचंद आठवतात. मिनेसोटात, मिशिगनमध्ये किंवा बोस्टनमध्ये नुसतं ‘हॉकी’ म्हटलं की ती बर्फावरचीच. तिथल्या विद्यापीठांच्या पुरुष संघांची राष्ट्रीय स्पर्धा 1948 साली कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे चार संघांनिशी सुरू झाली. पहिलं विजेतेपद मिशिगनचं. आज सोळा संघ असतात. मार्चअखेरीस चार ठिकाणी विभागीय फेऱ्या होतात आणि उरलेले चार संघ एप्रिलमध्ये एका शहरात जमतात. या शेवटच्या टप्प्याला 1999पासून ‘फ्रोझन फोर’ म्हणतात. गुरुवारी दोन उपांत्य सामने, शनिवारी अंतिम. एकदा हरलं की घरी. त्यामुळे चार चांगले दिवस लाभले तर कुणीही कुणालाही हरवू शकतं. 2014मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावच्या युनियन कॉलेजने अंतिम सामन्यात मिनेसोटाचा 7-4 असा पराभव केला. युनियनमध्ये तेव्हा विद्यार्थी जेमतेम सव्वादोन हजार, खेळासाठी शिष्यवृत्तीही नव्हती. आपल्या एखाद्या तालुक्याच्या कॉलेजचा पटही याहून मोठा असतो.

आता पुन्हा त्या न दिसणाऱ्या पककडे येऊ. दूरचित्रवाणीवाल्यांनी यावर एक अफाट उपाय करून पाहिला होता. 1996 साली बोस्टनमध्ये व्यावसायिक खेळाडूंचा ऑल-स्टार सामना होता. फॉक्स वाहिनीने पक मधोमध कापली, आत सर्किट आणि बॅटरी बसवली आणि दोन्ही अर्धे भाग पुन्हा जोडले. पकमधून निघणारे अवरक्त किरण स्टेडियममधले सेन्सर टिपायचे. पडद्यावर पकभोवती निळसर वलय दिसायचं, आणि वेग ताशी 70 मैलांच्या वर गेला की मागे धूमकेतूसारखी लाल शेपटी. मला ही कल्पना आजही विलक्षण वाटते. पण जुन्या चाहत्यांना ती मुळीच रुचली नाही आणि 1998नंतर ती बंद पडली. चाहत्यांचंच बरोबर होतं. ते पककडे बघतच नव्हते.

याचं कारण आपल्या डोळ्यांच्या घडणीत आहे. वस्तू संथ असेल तर नजर तिच्यामागे सलग सरकते. वेग वाढला की तिला ते जमत नाही. मग ती उड्या मारते, आणि उडी चालू असते त्या अवधीत मेंदू दृश्य जवळजवळ बंद ठेवतो. पकचा पाठलाग करणारा प्रेक्षक अशा रीतीने पुन्हा पुन्हा, क्षणभर का होईना, आंधळा होतो. गोलरक्षक मग काय करतो? कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठातले डेरेक पँचक आणि जोन व्हिकर्स यांनी गोलरक्षकांच्या नजरेचा मागोवा घेणारी उपकरणं लावून हे तपासलं आणि 2006 साली प्रसिद्ध केलं. चांगला गोलरक्षक फटका सुटण्याच्या आधी जवळजवळ सेकंदभर पक आणि तिला टेकलेली काठी यांच्यावर नजर स्थिर ठेवतो. त्याला लागणारी बरीचशी माहिती पक निघण्याआधीच मिळालेली असते.

हीच युक्ती प्रेक्षकालाही उपयोगी पडते. पक हरवली तर शोधू नका, खेळाडूंचे चेहरे बघा. सगळे शिरस्त्राणधारी चेहरे ज्या कोपऱ्याकडे वळलेत, तिथे ती आहे. तेवढ्यात सापडली नाही तरी बिघडत नाही, कारण बघण्यासारखं बरंच काही दुसरीकडे चाललेलं असतं.

मी सर्वांत आधी गोलरक्षक बघते. गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच, आणि हा माणूस तो सोडून पुढे येऊन उभा राहतो. का? पकच्या जागी एक दिवा ठेवलाय असं समजा. गोलरक्षकाची सावली मागच्या जाळीवर पडेल. तो दिव्याकडे जितका सरकेल तितकी सावली मोठी होईल, तितका गोल झाकला जाईल. पण फार पुढे आला आणि पक आडव्या पासने दुसऱ्या खेळाडूकडे गेली, तर दिवाच हलला. सावली जाळीवरून निसटली, आणि आता त्याला गुडघ्यांवर घसरत ती परत जागेवर आणायची आहे. मला हे कळलं त्या दिवसापासून गोलरक्षकाचे पाय बघताना भान राहत नाही. तो सतत इंच-इंच सरकत असतो, दोन पावलं पुढे, अर्धं मागे. 2024च्या अंतिम सामन्यात डेन्व्हरचा गोलरक्षक मॅट डेव्हिस याने बोस्टन कॉलेजचे 35 फटके अडवले आणि डेन्व्हर 2-0 असं जिंकलं. समोरचा संघ त्या वर्षीचा अग्रमानांकित. स्पर्धेच्या चार सामन्यांत मिळून डेन्व्हरवर फक्त तीन गोल झाले. ते त्यांचं दहावं विजेतेपद होतं, इतकी दुसऱ्या कुठल्याही विद्यापीठाकडे नाहीत.

दुसरी बघायची जागा म्हणजे राखीव खेळाडूंचा बाक. खो-खोत बचावाला तीन-तीनची तुकडी उतरते, तशीच इथे आक्रमकांची तिघांची तुकडी असते. फरक असा की इथली तुकडी साधारण पाऊण मिनिटात बदलते आणि त्यासाठी खेळ थांबत नाही. पूर्ण ताकदीने स्केटिंग केलं की पाय तेवढ्यात भरून येतात. दमलेला खेळाडू कठड्याशी पोचतो तोच ताजा खेळाडू कठड्यावरून उडी टाकून बर्फावर येतो, आणि पक तिकडे फिरतच असते. सामना वीस-वीस मिनिटांच्या तीन सत्रांचा. दुसऱ्या सत्रात बाजू बदलल्यामुळे आपला गोल आपल्या बाकापासून लांब पडतो. बचाव करणारे पाच जण दमलेत, बाक दिसतोय, पण तिथवर जाण्याइतकी फुरसत मिळत नाही. दुसऱ्या सत्रात अशी कोंडी झाली की सावरून बसा. गोल बहुतेक जवळ आलेला असतो.

तिसरी गोष्ट अगदी शेवटच्या मिनिटांत घडते, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला ती चूकच वाटते. एक-दोन गोलांनी मागे असलेला संघ आपला गोलरक्षक बाहेर बोलावतो आणि त्याच्या जागी सहावा आक्रमक पाठवतो. मागे गोल सताड उघडा. 2009च्या अंतिम सामन्यात, वॉशिंग्टनमध्ये, बोस्टन युनिव्हर्सिटी मायामीविरुद्ध 1-3 अशी मागे होती. हे मायामी ओहायोतलं, फ्लोरिडातलं नव्हे. घड्याळात एक मिनिट उरलेलं. 59.5 सेकंद उरले असताना एक गोल झाला. 17.4 सेकंद उरले असताना दुसरा. जादा वेळेत कोल्बी कोहेनचा फटका बचावपटूच्या अंगाला लागून वर उडाला आणि गोलरक्षकाच्या डोक्यावरून हलकेच जाळीत पडला. कॅरमच्या बोर्डावर अशी एखादी सोंगटी नको तिथे आपटून भोकात जाते तेव्हा घरात जो आरडाओरडा होतो, तो अठरा हजार माणसांच्या स्टेडियममध्ये कसा झाला असेल याची कल्पना करा.

या स्पर्धेत बरोबरी सुटत नाही तोवर वीस-वीस मिनिटांची जादा सत्रं होतात आणि पहिला गोल सामना संपवतो. मार्च 2021मध्ये फार्गोत मिनेसोटा-दुलुथ आणि नॉर्थ डकोटा असे पाच जादा सत्रं खेळले. 142 मिनिटं 13 सेकंदांनी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, दुलुथ 3-2 असं जिंकलं. स्पर्धेच्या इतिहासातला हा सर्वांत लांब सामना. सत्रांच्या मधल्या वेळेत बर्फावर फिरणारी ती पेटीसारखी गाडी मात्र चुकवू नका. कॅलिफोर्नियातल्या फ्रँक झॅम्बोनी यांनी ती 1949मध्ये बनवली. ती वरचा खरवडलेला थर तासते आणि त्यावर गरम पाणी पसरते. गरम पाणी वरच्या पापुद्र्याला किंचित विरघळवून, चरे भरून, एकजीव गोठतं. दहा मिनिटांत कुरतडलेला बर्फ आरशासारखा होतो.

बोस्टनला किंवा डेट्रॉइटला मुलं-नातवंडं असलेल्या मराठी घरांतून कुणी प्रत्यक्ष जाणार असेल, तर पहिल्या वेळी काचेला लागून असलेली महागडी खुर्ची घेऊ नका. तिथे कठड्यावर आदळणाऱ्या अंगांचा धक्का छातीत जाणवतो, विद्यार्थ्यांचा बँड कानाशी वाजतो, पण पलीकडचा कोपरा दिसत नाही. गोलच्या मागे, वरच्या रांगेत बसा. दिवा आणि सावली तिथून स्वच्छ दिसते. इथून बघणार असाल तर हिशेब सोपा आहे: एप्रिलमध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी साडेसात वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवसाचे पहाटेचे पाच वाजलेले असतात. शनिवारचा अंतिम सामना म्हणजे आपली रविवारची पहाट. महिलांची स्पर्धा मार्चमध्येच होते आणि तीही तितकीच थरारक असते. 2025च्या अंतिम सामन्यात 18.9 सेकंद उरले असताना विस्कॉन्सिनच्या कर्स्टन सिम्सने पेनल्टी शॉटवर बरोबरी साधली आणि जादा वेळेत विजयी गोलही तिनेच केला.

तेव्हा पुढच्या एप्रिलमध्ये एका रविवारी पहाटे चहा टाका, सामना लावा आणि पहिली दहा मिनिटं पककडे बघूच नका. गोलरक्षकाचे पाय बघा.